पाटी लवकर लावू नोका!

धानाचे पऱ्हे टाकून झाले की आमच्या शेजारच्या काकूंना रोवणीपर्यंत थोडी उसंत मिळते. ती सगळी कुंपणावर खर्च होते.

"अवं बाई, तुमच्या पोरीनं म्हने पागल लोकायचं शिक्षन घेतलं? बीएस्सी भेटत होती, मंग काहून सोडली?"

"बी.ए. करतेय काकू. मानसशास्त्र."

"तेच ते! आता नागपूरच्या मेंटल हॉस्पिटलात जाईल का?"

नागपूरचं ते रुग्णालय 1864 पासूनचं. आमच्या गोंदियात मनाचा विषय निघाला की गाडी थेट तिथंच जाते, मधे भंडारा रोडलाही थांबत नाही.

"तसं नाही हो. माणूस शिकतो कसा, विसरतो कसा, चार लोकांत वेगळा का वागतो, हे शिकवतात. तुम्हीच परवा तिच्या प्रॅक्टिकलला प्रयुक्त, म्हणजे जिच्यावर प्रयोग करतात ती व्यक्ती, म्हणून बसला होतात ना?"

"ते आरशातलं? हात झाकून ठेवला अन् आरशात पाहून चांदनी गिरवाले लावली. हात पुढं नेला तं भलतीकडेच जाय! पन पाचव्या खेपेले चुका कमी झाल्या, हां!"

"तेच तर मोजायचं असतं. सरावानं चुका किती घटल्या, त्याचा आलेख काढायचा."

"अन् ते 'केझ-झिफ-मूब' काय होतं? अर्थ ना पत्ता."

"मुद्दामच बिनअर्थाचे शब्द. जर्मनीच्या एबिंगहाउस यांनी तसे शब्द स्वतःच पाठ करून विसरणं मोजलं, 1885 मध्ये पुस्तक काढलं. पाठ केलेलं सुरुवातीलाच भराभर विसरलं जातं, मग वेग मंदावतो."

"खरं हाय. उसनी नेलेली साखर लोकं दुसऱ्याच दिवशी विसरतेत!"

मी माझ्या वाटीचं काही बोलले नाही. विषय बदलत म्हटलं, "गणित नको म्हणून आर्ट्सला आलेल्या पोरी मात्र रडकुंडीला येतात. सरासरी, प्रमाण विचलन, सगळं करावं लागतं."

"मंग तीन वर्सानं डॉक्टरीन?"

"नाही काकू. गोळ्या लिहून देतो तो मनोविकारतज्ज्ञ. त्याचं आधी एमबीबीएस, मग मनोविकारांचं पुढचं शिक्षण. हिला बी.ए.वर एम.ए. करावं लागेल. आजारी माणसावर उपचार करणारी चिकित्सा मानसशास्त्रज्ञ व्हायचं तर त्यापुढे मान्यताप्राप्त प्रशिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी."

"अगं बाई! अन् आमच्या नात्यातल्या एका पोट्ट्यानं तं दोन दिवसाच्या कोर्सावर 'समुपदेशक' अशी पाटी लावली!"

मग काकूंनी इकडे-तिकडे पाहिलं. "कोपऱ्यावरच्या सुनेले महिनाभर झोप नाही म्हनते. धागा बांधला, उतारा केला. तुमची पोरगी पाहून देईल का?"

"ती अजून विद्यार्थिनी आहे, तिनं हात घालू नये. सुनेला सरकारी दवाखान्यात दाखवा म्हणावं. तोवर 14416 लावा. सरकारचं टेलि-मानस आहे, फुकट, रात्री-बेरात्रीही चालतं, मराठीतून बोलता येतं."

काकूंनी नंबर दोनदा म्हणून घेतला, बिनअर्थाच्या शब्दांपेक्षा लवकर पाठ झाला. मग निकाल दिला: "पोरीले शिकू द्या बाई. विषय चांगला हाय. कॉलेजात प्रयोगाची खोली हाय का, थे आधी पाहून घ्या. अन् एक, पुरं शिकल्याबिगर पाटी लावू नोका!"