विश्रामबागची ओढ, बँडस्टँडवरून

वांद्र्यात दोन कॉफ्यांच्या बिलात सांगलीचं किती भडंग येईल, हा हिशेब चाळिशी उलटली की आपोआप सुरू होतो. मागोमाग सुस्कारा : कॉलेजच्या छोट्या गावात जाऊन राहावं! डोळ्यांसमोर सांगलीची विश्रामबाग असते, १९१९चं विलिंग्डन कॉलेज, १९४७चं वालचंद इंजिनिअरिंग, सायकली, आणि दुपारी घरी जेवून वामकुक्षी घेणारे प्राध्यापक. (हे प्राध्यापक आता दुपारभर नॅक मूल्यांकनाच्या फायली भरतात, पण स्वप्नात नॅक नसतं.)

कॉलेजंच हवीत तर वांद्र्यात काय कमी आहेत? १९४९चं नॅशनल, १९८३चं थडोमल शहानी, शिवाय रिझवी, सेंट अँड्र्यूज, पूर्वेला चेतना. फक्त इथे कॉलेज वांद्र्यात असतं आणि विद्यार्थी विरारला. भाडं पाहता ते बरोबरच आहे. सांगलीत सरांना मंडईत गाठून गुण विचारता येतात. इथे सर आणि विद्यार्थी दोघेही लोकलच्या दारात, एकमेकांना न ओळखता.

परवा बँडस्टँडच्या खडकावर एक जोडपं बसलं होतं. बोलण्यावरून सांगलीकडचं वाटलं, म्हणून विचारलं, "एवढं छान गाव सोडून इथे कशाला?"

मुलगा म्हणाला, "काका, तिथं प्रत्येक कट्ट्यावर कुणीतरी काका असतो."

मी मुकाट्याने चार खडक पलीकडे सरकलो आणि मोबाइलवर विश्रामबागमधले फ्लॅट बघत बसलो.