रायफल पुजणाऱ्या पण न पुसणाऱ्या शेजाऱ्यास

वसई

रा. रा. रायफलमालक महाशय,


दसऱ्याला तुम्ही आजोबांची विंचेस्टर पाटावर मांडलीत, हळदकुंकू वाहिलंत, झेंडूचा हार घातलात, फोटो गावभर पाठवलेत. काय ती भक्ती! त्याच्या आदल्या आठवड्यात रेंजवर दिवसभर तिच्यातून बार काढलेत, आणि घरी आल्यावर तशीच काळीकुट्ट रेक्झिनच्या कव्हरात कोंबलीत. काल मला म्हणालात, ‘काका, लिव्हर जड झालाय. जुनी झाली बहुतेक, विकावी का?’

जुनी झाली नाही, तुम्ही तिची वाट लावलीत. जॉन ब्राउनिंगने आखलेलं हे १८९४ चं मॉडेल. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीवर बंधनं आली, तरी तुमचे आजोबा दर पावसाळ्यात तिचं तेलपाणी करायचे. मी पाहिलंय.

मी लिव्हर खाली ओढला तर आत करकर. बोल्टवर काजळी, न जळलेल्या दारूचे कण आणि पिवळट चिकटा. बोटाला वास आला खोबरेलाचा! अहो, थंडीत थिजणारं तेल रायफलच्या यंत्रात? एका स्क्रूची खाच तर सुरीच्या टोकाने पार चेचलेली. खाचेत घट्ट बसणारा पेचकस बाजारात मिळतो, पण तो आणायला बूड हलवावं लागतं.

पोलिसात आमच्याकडे थ्री-नॉट-थ्री असायची. जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. बार काढल्यावर नळीत क्षार उरायचा, तो तेलात विरघळत नाही. म्हणून आधी उकळतं पाणी, मग कोरडी चिंदी, मग तेल. हे झाल्याशिवाय जेवणाच्या ताटावर बसायचं नाही. तुमच्या आजच्या काडतुसांना उकळतं पाणी लागत नाही, पण हवा वसईचीच आहे. पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला खाडी, पावसाळ्यात डब्यातलं मीठ पाणी सोडतं. अशा गावात रेक्झिनचं बंद कव्हर म्हणजे पोलादाला ओलं फडकं गुंडाळणं.

आता नीट ऐका. आधी लिव्हर उघडून चेंबर बघा, बोट घालून चाचपा, मग नळीखालचं मॅगझिनही रिकामं आहे ना ते पाहा. लांब नळकांड्यात एखादं काडतूस राहून जातं आणि लिव्हर हलवला की वर येतं. हिची नळी मागून साफ करता येत नाही. गज तोंडातूनच घालावा लागतो. म्हणूनच तोंडाशी पितळी गाईड लावा. तिथली कड घासली गेली की नेम गेला, मग कितीही महाग काडतूस घाला. यंत्रात जुनं फडकं कोंबा, म्हणजे विरघळलेली काजळी त्यात ओघळणार नाही. सॉल्व्हंटने ओली केलेली चिंदी, थोडा वेळ दम, ब्राँझचा ब्रश, पुन्हा चिंद्या, शेवटची पांढरी निघेपर्यंत. मग बंदुकीच्या तेलाचा हात, तोही अगदी पातळ. जास्त तेल दस्त्याच्या लाकडात मुरतं आणि लाकूड मऊ पडतं. दणक्याने सैल झालेले स्क्रूही तपासा.

रविवारी सकाळी मी तुमच्या घरी येतो. काडतुसं दुसऱ्या कपाटात कुलपात ठेवा, मुलांना बाहेर पाठवा, जुना सुती सदरा चिंद्यांसाठी फाडून ठेवा. गज आणि पेचकस माझे. हात मात्र तुमचे लागतील. मी फक्त शेजारी बसणार.

आपला,
पोलीस शस्त्रागारातून निवृत्त झालेला शेजारी