धूर निघतो, पण कपाटं बघा!

अमेरिकेत निवृत्तीला टेकलेलं मराठी जोडपं घर केलेली जुनी बस बघायला जातं, तेव्हा आधी स्वयंपाकघर बघतं. ओकची कपाटं, शॉवर, चार बर्नरची शेगडी. स्थळ बघायला जावं, फ्लॅट पाहून भाळावं आणि मुलाची तब्येत विचारूच नये, तसं. इंजिन मागे असतं, म्हणून त्याचा नंबर शेवटी.

"थोडा धूर देतं," विकणारा म्हणतो. निळा असेल तर ऑइल जळतंय. पांढरा असेल आणि इंजिन तापल्यावरही थांबेना, तर बहुधा कूलंट सिलिंडरमध्ये शिरतंय. आत बसलेलं इंजिन म्हणजे आजोबाच, १९३८पासूनच्या '७१' घराण्यातले, टू-स्ट्रोक डिझेल. दर सिलिंडरला ७१ घनइंच, आठांचे मिळून ५६८. ब्लोअरने हवा कोंबल्याशिवाय श्वास घेत नाहीत. ऑइल गळत नसेल तर संपलं असेल, असं त्यांचे भक्तच कौतुकाने सांगतात. (दुरुस्त करणारे मेकॅनिकही आता आजोबांच्याच वयाचे.)

"अगं, किंमत किती उतरवलीय बघ!"

"आणि टो करून न्यायचे किती पडतील?"

तो पडद्यांचं माप घ्यायला लागतो.