सरसकट नको

‘सरसकट बोलू नका’ हे आमच्या दाजींचं पालुपद. दाजी गुवाहाटीला प्रयोगशाळेत डुकरांच्या जंतूंची वर्गवारी करतात. ‘डुकरं आजारी पडली’ एवढ्यावर त्यांचं समाधान होत नाही. कोणत्या जंतूनं? स्ट्रेप्टोकॉकस सुइस. सिरोटाइप कोणता? दोन. बरं, पण सगळे दोन सारखे थोडेच असतात? मग सात ठरावीक जनुकं वाचायची, प्रत्येकाला नंबर द्यायचा आणि त्या सात नंबरांवरून सिक्वेन्स टाइप काढायचा. एवढं सांगून झालं की दाजी चहाला हात घालतात. तोवर त्यावर साय आलेली असते.

या जंतूचे पूर्वी ३५ सिरोटाइप मानत. पुढे जनुकं तपासली, तेव्हा त्यातले ६ दुसऱ्याच जातींचे निघाले, उरले २९. हे सांगताना दाजींचा चेहरा सातबाऱ्यावरून नाव कमी करणाऱ्या तलाठ्यासारखा होतो.

एकदा अहवालातला ‘१/२’ हा सिरोटाइप ऑफिसातल्या कारकुनानं ‘०.५’ असा टाइप केला. दाजी त्याच्या टेबलापाशी खुर्ची ओढून बसले. “अहो, हा अर्धा नव्हे! एक आणि दोन, दोन्हींच्या प्रतिद्रव्यांशी जमतं म्हणून याला एक-छेद-दोन म्हणायचं. हा आणि दोन नंबरचा यांच्यात एका जनुकातल्या एका अक्षराचा फरक. नेहमीच्या पीसीआरलासुद्धा कळत नाही!”

“पीसीआरला कळत नाही, तर मला कसं कळावं, साहेब?” कारकून म्हणाला.

सिचुआनचा विषय निघाला की मात्र दाजींची कुणी चेष्टा करत नाही. २००५ साली चीनच्या त्या प्रांतात २१५ माणसांना या जंतूची लागण झाली, ३८ दगावली. बहुतेकांनी आजारी किंवा मेलेली डुकरं कापली होती. जंतू निघाला सिक्वेन्स टाइप ७. टाइप १ पेक्षा सातांपैकी एकाच जनुकात वेगळा.

“अहो, पण टाइप कळला म्हणून औषध बदलतं का?” ताईनं विचारलं.

“नाही. बहुतेक वेळा पेनिसिलिनच.”

“मग एवढा खटाटोप कशाला?”

“माग काढायला. दहा गावांत माणसं आजारी पडली, तर जंतू एकच की निरनिराळे, हे कळायला नको? शिवाय एका सिरोटाइपची लस दुसऱ्याला फारशी लागू पडत नाही. सरसकट टोचून कसं चालेल?”

गेल्या पावसाळ्यात दाजींनाच ताप भरला. डॉक्टर म्हणाले, “व्हायरल आहे.”

दाजी कण्हत उठून बसले. “कोणता व्हायरस?”

“सध्या चालू आहे तो.”

ताईनं पॅरासिटामॉलची गोळी पुढे केली. ती दाजींनी निमूटपणे गिळली. पण चिठ्ठीवरच्या ‘व्हायरल’पुढे पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढल्यावरच पाठ टेकली.