तोळेमामा

कोलोरॅडोत आमच्या कुंपणापलीकडे जो गृहस्थ राहतो, त्याचं तोळेमामा हे नाव मी ठेवलंय. त्याला ते ठाऊक नाही. शिकारीच्या बंदुकीची गोळी ‘ग्रेन’मध्ये तोलतात. इंग्रजांनी १८३३ साली आपला तोळा ठरवला तो नेमका १८० ग्रेनचा, आणि एल्कसाठी मामाची आवडती गोळीही १८० ग्रेनची. म्हणजे बरोबर एक तोळा शिसं-तांबं. त्यापायी तो जेवढा खल करतो, तेवढा आमच्या आजीने पाटल्या घडवतानाही केला नव्हता.

आपल्याकडे १९७२च्या कायद्याने शिकारच बंद झालेली, त्यामुळे मला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. आता नको तितकं कळतं. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा अमेरिकी चुलतभाऊ, नर तीनशे किलोच्या घरातला. परवान्याचे अर्ज एप्रिलच्या सुरुवातीला, बंदुकीचा हंगाम ऑक्टोबरात. मधले सहा महिने मामा काडतूस ठरवतो.

पद्धत स्थळं बघण्याची. ‘थ्री हंड्रेड विन मॅग’ हे १९६३पासूनचं नावाजलेलं घराणं. पण अंगाने लांब, शिवाय बुडाशी पितळेचा कंबरपट्टा. “पट्टा हवाय कशाला?” मामा नाक मुरडतो. २००१मध्ये विंचेस्टरने ‘थ्री हंड्रेड डब्ल्यूएसएम’ आणलं: ठेंगणं, गुटगुटीत, बिनपट्ट्याचं. मूळ चारशे-चार जेफरीचं, म्हणजे साहेबाच्या हत्ती-गव्यांच्या शिकारीतलं. दारू थोडी कमी खातं, वेग जवळजवळ तोच, आणि बोल्ट अर्धा इंच कमी ओढावा लागतो. मामा हरखला, बंदूक घेतली. मग कळलं की या गुटगुटीतपणापायी मॅगझिनमध्ये तीनच काडतुसं मावतात. काडीमोड. त्यानंतर २००५चं थ्री ट्वेंटी फाइव्ह आलं, त्याच्या धक्क्याने मामाचा खांदा पंधरा दिवस शेकावा लागला. २०१८चं साडेसहा पीआरसी स्वभावाने गरीब, पण एल्कला पुरेल का, या शंकेने त्याची झोप उडाली. सध्या २०२१च्या ‘सिक्स पॉइंट एट वेस्टर्न’शी बोलणी चालू आहेत.

“अर्ध्या इंचाने एवढं काय होतं रे?” मी एकदा विचारलं.

“दुसरी गोळी लवकर सुटते.”

“आणि पहिली कधी सोडलीस?”

मामा कॉफी ओतायला आत गेला.

त्याला चीत करावं म्हणून मी बेल नावाच्या स्कॉटिश शिकाऱ्याचा दाखला काढला. या माणसाने आफ्रिकेत हजारावर हत्ती मारले, त्यातले बहुतेक सात मिलिमीटरच्या साध्या काडतुसाने. मामाने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “हत्तीचं वेगळं असतं.”

हसू नका. ट्रेकचे बूट निवडण्यात अख्खा पावसाळा घालवणारे आपल्यातही आहेत, त्यातला एक हे लिहितोय.

गेल्या ऑक्टोबरात मामा नवी बंदूक घेऊन डोंगरात गेला. पहाटे तंबूत दिवा लावून पेटी उघडली, तर काडतुसं आधीच्या बंदुकीची! पायथ्याच्या गावात पेट्रोलपंपाशेजारी दुकान होतं. तिथे दूध, गळ, मोजे आणि तीनच जातींची काडतुसं: थर्टी-ऑट-सिक्स, थ्री-ओ-एट आणि टू-सेव्हन्टी. दुकानदाराने मामाच्या जातीचं नाव दोनदा विचारून घेतलं आणि पार्सलने मागवून देतो म्हणाला. हंगाम संपायला तीन दिवस होते.

मामीही त्याच तंबूत होती. तिच्याकडे वडिलांची जुनी थर्टी-ऑट-सिक्स, १९०६ सालच्या काडतुसाची. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने एक बार काढला. दुसऱ्याची गरज पडली नाही. पुढचे दोन दिवस नारिंगी जाकीट घालून मामा मांस वाहत होता.

आमच्या वाट्याला दोन किलो आलं. हिने मालवणी मसाला लावून केलं. चरबी नावाला नाही, तेल जरा सढळ घालावं लागतं. डबा परत द्यायला गेलो, तेव्हा मामीला विचारलं, “गोळी कुठली होती?”

“कुठली म्हणजे? दुकानात होती ती.” तिने फडताळातून खोका काढून दाखवला.

खोक्यावर छापलं होतं: १८० ग्रेन.