दोनच वेग

आमच्या शहापूर-मुरबाड पट्ट्यात कोणत्याही गोष्टीला दोनच वेग असतात. पाऊस येतो तो माळशेज घाटात दरडी पाडत येतो आणि जातो तो असा, की एप्रिलात पाड्यापाड्यावर टँकरपुढे हंडे भांडतात. तानसा आणि भातसा ही मुंबईची तहान भागवणारी धरणं आमच्याच तालुक्यात. पण ते पाणी आम्हाला ओळख न देता पुढे निघून जातं. विजेचंही तसंच. आली की बल्ब डोळे वटारतो, गेली की शेजारच्या घरात कोण काय बोलतंय ते ऐकू येतं. 'जरा बेताने' हा प्रकार आमच्याकडे फक्त वरणात मीठ घालताना वापरतात.

अशा मुलखात सुट्टीला मामाकडे आलेला माझा भाचा मुरबाडहून स्लॉट कारचा खेळ घेऊन आला. कुणी नातेवाइकाने परदेशातून पाठवलेला. ट्रॅकला मधोमध खाच, खाचेच्या दोन्ही बाजूंना धातूच्या पट्ट्या. गाडीच्या पोटाखालची जीभ खाचेत बसते आणि तारांचे दोन झुपके पट्ट्यांवर घासत वीज घेतात. गाडीला ना स्टिअरिंग, ना बॅटरी. खेळणाऱ्याच्या हातात फक्त एक कंट्रोलर. त्याचा घोडा दाबला की वेग वाढतो, सैल सोडला की उतरतो. वळणावर लोभ आवरला नाही, तर गाडी खाच सोडून सोफ्याखाली.

फ्रेड फ्रान्सिस नावाच्या इंग्रजाने १९५७ साली 'स्केलेक्स्ट्रिक' या नावाने हा खेळ आणला, तेव्हा हातात नुसतं बटण होतं. एकतर चालू, नाहीतर बंद. हा गृहस्थ आमच्या किन्हवलीला कधी राहून गेला होता का, अशी मला शंका आहे.

आमच्या संचाला बटण नव्हतं, घोडा होता, पण वागणूक बटणाचीच. घोडा पाव दाबा की पूर्ण, गाडी आपली जिवाच्या आकांताने पळणार. उघडून पाहिलं तर आत बारीक तारेचं वेटोळं आणि त्यावरून सरकणारी पितळी पट्टी. जेवढी तार मध्ये येईल तेवढा वेग कमी, असा हिशेब. पण या वेटोळ्याचे ओहम मोटरशी जुळावे लागतात. आमची मोटर करंट घेणार चिमूटभर, आणि वेटोळ्याचा विरोध त्या मानाने किरकोळ. ग्रामसभेतल्या विरोधासारखा : नोंद होते, अडत काही नाही.

बाजारपेठेतल्या इलेक्ट्रिशियनला बोलावलं. तो म्हणाला, "साहेब, पंख्याचा रेग्युलेटर लावू." दोन घेऊनच आला होता. नव्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरने गाडी जागची हलली नाही, कारण तो २३० व्होल्टच्या एसीसाठी जन्मलेला आणि आमची गाडी १२ व्होल्टच्या डीसीवर. मग त्याने जुना, विटेएवढा डबा लावला. चारावर गाडी ठप्प, पाचावर सुसाट. "बघा, चालली!" म्हणत त्याने पैसे घेतले.

एवढ्यात भाच्याला न्यायला ताई आणि दाजी आले आणि दाजी न्यायचं विसरून ट्रॅकपाशी बसले. दाजी म्हणजे बैलगाडा शर्यतीचा जीव. म्हसा गावच्या यात्रेत बैलाच्या नुसत्या खांद्यावरून हात फिरवून त्याची कुंडली सांगणारे. "तुम्ही कंट्रोलर सुधारताय," ते म्हणाले, "आमचा तर काढूनच घेतला." खरं होतं. १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने राज्यातल्या शर्यतींची वाट पुन्हा मोकळी केली, पण नियमांनुसार चाबूक नको, काठी नको, विजेचा झटका तर नकोच. "उरला कासरा. तो ओढायला कुणालाही येतो. सोडायचा कधी, हे ज्याला कळतं त्याची गाडी येते."

ते डोक्यात ठेवून आसनगावहून लोकल पकडली आणि मुंबईत इलेक्ट्रॉनिक सामानासाठी लॅमिंग्टन रोड गाठला. दुकानदाराने "व्होल्ट किती? अँपिअर किती?" असं केसपेपर काढावा तसं विचारलं आणि काड्यापेटीएवढं सर्किट हातावर ठेवलं. घरी येऊन ते जुन्या घोड्याला जोडलं आणि ब्रेकसाठी तिसरी तार ओढली. घोडा पूर्ण सोडला की ही तार मोटरची दोन्ही टोकं एकमेकांना जोडते. मग फिरती मोटर स्वतःच जनित्र होते आणि स्वतःलाच आवरते. दाजींना हे फार आवडलं. "चालवायला दोन तारा आणि थांबवायला तिसरी. आमच्या घरातली तिसरी तार म्हणजे तुमची बहीण." ताईने स्वयंपाकघरातून नुसतं "काय?" विचारलं. दाजी जागच्या जागी थांबले. प्रात्यक्षिक संपलं.

आणि गाडी? वळणापाशी अशी अलगद आली, जणू घाटात समोरून एसटी येताना दिसली असावी. वळली आणि पुन्हा निघाली. घरात पहिल्यांदाच कुणीतरी मध्यम वेगाने वागत होतं. आईसुद्धा बघायला आली.

मग मी मंडळींना सर्किटचं गुपित सांगितलं. हे यंत्र वीज कमी करतच नाही. पूर्ण देतं, पूर्ण तोडतं, पुन्हा पूर्ण देतं, असं सेकंदाला शेकडो-हजारो वेळा. देण्याचा काळ लांबवला की वेग वाढतो, आखडला की उतरतो. मोटरला या उघडझापीचा पत्ता लागत नाही, तिला वाटतं आपल्याला बेताचीच वीज मिळतेय. म्हणजे आपण ज्याला मधला वेग म्हणतो, तो पूर्ण आणि शून्य यांचीच घाईघाईने केलेली मिसळ.

दाजी बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे आपल्याकडच्या लाइटीचं तंत्र बरोबरच आहे की! पूर्ण, शून्य, पूर्ण, शून्य. फक्त जे सेकंदाला हजारदा करायचं, ते हे लोक दिवसातून चारदा करतात."

"तेवढाच फरक," मी म्हणालो.

"मग अर्ज करा."

अर्जाचा मसुदा दाजींनीच सांगितला, अक्षर भाच्याचं आहे : 'महोदय, वीज जेवढी देता तेवढीच द्यावी, आमची जास्तीची मागणी नाही. फक्त ती बारीक चिरून द्यावी, ही नम्र विनंती.'