पावणेतीन मिलिमीटर

आमच्या इमारतीतल्या इंजिनकाकांना कित्येक वर्षांपासून एक इंजिन हवं आहे. खरं नव्हे, ते एक वेळ भंगाराच्या लिलावात मिळेलही. त्यांना हवंय टेबलावर पळणारं, खऱ्याच्या १/८७ आकाराचं, वाफेच्या जमान्यातलं, आणि मनासारखं. घोडं अडलंय ते या शेवटच्या शब्दावर.

मॉडेल रेल्वेच्या नादिष्टांत ही एक वेगळीच जात आहे. बाकीचे इंजिनं जमवतात, हे इच्छा जमवतात. कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून आहे. तिथे गाड्या सुटल्या की पोरं टाळ्या पिटतात आणि त्यांचे बाप पोरांना बाजूला सारून पुढे होतात. काका मात्र हात मागे बांधून, मुलगी बघायला आलेल्या वरपित्याच्या चेहऱ्यानं उभे.

परदेशी कंपन्यांवर त्यांचा विशेष राग. इंग्लंडात दरवेळी तेच ‘फ्लाइंग स्कॉट्समन’, फक्त रंग निराळा. अमेरिकेत पुन्हा ‘बिग बॉय’. “अहो, खरी बिग बॉय बनली किती? पंचवीस! १९४१ ते ४४. आणि आपली डब्ल्यूपी? सातशे पंचावन्न! निम्म्या देशाला तिनं गावी पोचवलंय. तिचं नाव काढत नाही कुणी.” डब्ल्यूपी म्हणजे बंदुकीच्या गोळीसारखं तोंड आणि त्यावर चांदणी असलेलं ते देखणं इंजिन. त्यातही काकांना हवंय ते १९४७ साली अमेरिकेच्या बाल्डविन कारखान्यातून आलेल्या पहिल्या सोळांपैकी एक. चित्तरंजनच्या कारखान्यातलं चालेल का, असं मी एकदा विचारून पाहिलं. “चालेल,” काका म्हणाले, आणि विषय बदलला. म्हणजे चालणार नव्हतं.

एका दिल्लीकर हौशी माणसानं स्वतः घडवलेली डब्ल्यूपी विकायला काढली, तेव्हा खरी परीक्षा झाली. काकांनी फोटो मागवले, भिंग लावलं आणि निकाल दिला: “रूळ!” या मापाच्या मॉडेलांचे रूळ साडेसोळा मिलिमीटर रुंदीचे असतात. युरोप-अमेरिकेच्या रुळांना ते चपखल बसतं. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर. भागिले सत्त्याऐंशी, उत्तर सव्वाएकोणीस. म्हणजे पावणेतीन मिलिमीटरची खोट! “पाय जवळ घेऊन उभी राहिल्यासारखी दिसते हो,” काका कळवळून म्हणाले. इंग्रज तर शहात्तरपट लहान इंजिनं त्याच साडेसोळाच्या रुळांवर खुशाल पळवतात, हे मी त्यांच्या कानावर घातलं. इंग्रजांच्या चारित्र्याबद्दल काका जे बोलले ते इथे देत नाही.

तळमजल्यावरच्या छोट्या ओमनं एकदा विचारलं, “आजोबा, मिळालं की डेक्कन क्वीनला लावायचं का?” पोराला चांगला अर्धा तास बसवून घेतलं. दख्खनची राणी १९३० साली सुटली ती विजेच्या इंजिनावर. तिच्यापुढे धूर सोडणारं इंजिन लावणं म्हणजे काय पातक, हे त्याला समजावलं. ओम आता क्रिकेट खेळतो.

यंदा मात्र काकांवर संकट आलं. समोरच्या ब्लॉकमधली मुग्धा इंजिनिअरिंगला आहे, तिनं घरी थ्रीडी प्रिंटर आणला आणि काकांना इंजिनाबद्दल विचारलं. काका सावधपणे म्हणाले, “माझं मूळ कुर्डुवाडीचं. खरं सांगायचं तर मनात पहिल्यापासून बार्शी लाइट रेल्वेच होती.” लीड्सच्या किटसन कारखान्याची, जोडचाकांच्या चार जोड्यांची टाकीवाली इंजिनं. ही माहिती देताना त्यांना वाटलं होतं की पोरगी घाबरेल. पोरीनं मोबाइलवर गणित केलं. “काका, बार्शी लाइटचं गेज ७६२ ना? भागिले सत्त्याऐंशी, पावणेनऊ. नऊ मिलिमीटरचा रूळ सरळ बाजारात मिळतो. फरक पाव मिलिमीटरचा. मी महिनाभरात देते.”

काकांचा चेहरा उतरला. एवढ्या वर्षांत त्यांना ‘देते’ असं कुणी म्हटलं नव्हतं. दोन दिवस ते गॅलरीतही दिसले नाहीत. “जेवण जात नाहीये,” काकू म्हणाल्या, “सुतक पडल्यासारखे बसलेत.”

तिसऱ्या दिवशी तरतरीत होऊन खाली आले. “मुग्धा, इंजिन होईल गं. पण बार्शी लाइटचं इंजिन मोकळं पळवणार कुठे? ती पंढरपूरची गाडी. डबे लागतील. डब्यांत वारकरी लागतील. बाजारात मिळतात ती माणसं जर्मन! हॅट घालून बाकावर बसलेली. ती काय पंढरीला निघालीयत?”

“वारकरीही करते की. दोन सेंटिमीटरचे होतील.”

“टाळ?”

“टाळ पण.”

“टाळांच्या दोऱ्या?”

मुग्धा जरा थबकली. काकांच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

“बघते,” ती म्हणाली. “किती करू? डब्यात मावतील तेवढे?”

“मावले,” काका म्हणाले, “तर ती आषाढीची गाडी कसली?”